‘सर, वावरात निसर्ग नसतो’: पोरांना रानात नेण्याचा वर्षभराचा अनुभव

गिरणाथडी

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी चाळीसगावकडचा. कॉलेजात शिकवतो, रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजना) काम बघतो. गेल्या दिवाळीपासून आठ-दहा पोरांना घेऊन रविवारी सकाळी रानात जातो. ट्रेकिंग नाही, वृक्षारोपण नाही, बॅनर नाही. जायचं, दोन-अडीच तास फिरायचं, कुठंतरी सावलीला बसून मुरमुरे-फुटाणे खायचे आणि परत यायचं. बस, एवढंच.

सुरुवात एका पोरापासून झाली. वय सव्वीस. पुण्यात चार वर्षं एमपीएससीचा अभ्यास केला, दोनदा पूर्व निघाली, मुख्य नाही निघाली. बापाने केळीच्या पैशांतून मेसचं बिल भरलं. मग एका वर्षी वादळाने बाग आडवी झाली आणि पोरगं घरी आलं. आल्यापासून दिवसा झोपायचं, रात्रभर मोबाईल. आई मला म्हणाली, ‘‘सर, जेवतो, पण बोलत नाही.’’ मी मोठ्या उत्साहाने त्याला म्हटलं, चल रे, जरा निसर्गात जाऊ, बरं वाटेल. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ‘‘सर, आत्ता वावरातूनच आलो. वावरात निसर्ग नसतो.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. शहरातल्या पोराला झाड दिसत नाही म्हणून त्याला झाडाखाली नेतात. आमच्या पोरांना झाडाचं काय कौतुक? आभाळात ढग आला की शहरातला माणूस फोटो काढतो, आमच्याकडे वेचलेला कापूस झाकायला पळतात. वावर म्हणजे बोंडअळी, मजुरी, भाव, आणि बांधावर न बोलता उभा असलेला बाप. तिथं मन मोकळं होईल कसं? म्हणून ठरवलं, जायचं ते अशा ठिकाणी, जिथलं एकही झाड आपल्या मालकीचं नाही आणि ज्याच्याकडून आपल्याला काहीच काढायचं नाही. आम्हाला पाटणादेवीचा डोंगर जवळ. गौताळा अभयारण्याचा भाग आहे, आत जायचे नियम आहेत, ते पाळतो.

पहिल्या रविवारी चौघं आले. तासभर कुणी अक्षर बोललं नाही. मी आपला शिक्षक, त्यामुळे मध्येच ‘हा पळस, हा अंजन’ सुरू केलं. पोरांनी मास्तराला द्यायचा तो प्रतिसाद दिला, म्हणजे काहीच नाही. गवत कमरेएवढं वाळलेलं. एका खडकावर बसलो तर सगळ्यांचे पायमोजे कुसळांनी भरलेले. बसून कुसळं काढायला लागलो. ते काम असं असतं की मान खाली, बोटं चालू, आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची गरजच नाही. पाच-सात मिनिटांनी तोच पोरगा कुसळाशी झटत म्हणाला, ‘‘मला वाटतं मी पुण्यातच मेलो असतो तर बापाला निदान कळलं असतं काय सांगायचं लोकांना.’’

कुणी दचकलं नाही. दुसरा म्हणाला, ‘‘मलाबी वाटतं तसं कधी कधी.’’ कुसळं काढणं चालूच.

मी खुर्चीत समोरासमोर बसवून विचारलं असतं तर हे वाक्य आलं नसतं, हे मी शपथेवर सांगतो. (पुढे काय केलं ते विचारालच. त्याच दिवशी त्याच्या घरी बसलो, सोमवारी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. गोळ्या सुरू झाल्या. रान आणि गोळ्या दोन्ही चालू आहेत.)

मग मी जरा वाचायला लागलो. इंग्लंडमध्ये २०१९ साली सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास आला. आठवड्याला मिळून निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगतात. एकदम घालवा की तुकड्यातुकड्याने, फरक पडत नाही. २०१५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३८ जणांना ९० मिनिटं चालायला लावलं, काहींना झाडीत, काहींना गर्दीच्या रस्त्याकडेने. झाडीतून आलेल्यांचं तेच ते उगाळणं कमी झालेलं दिसलं. उगाळणं म्हणजे आपल्या पोरांचा रात्री दोनचा धंदा.

इथं कुणी असं काही केलंय का? चुकत असेन तर तेही सांगा.

कळणाभाकर

सर, दंडवत. पण खान्देशात हे नवीन नाही. हिवाळ्यात भरीत पार्टी हा आपला सरकारमान्य नसलेला मानसोपचारच की! रात्री मळ्यात जायचं, पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजायची, कुणी मिरच्या कुटतंय, कुणी कांद्याची पात चिरतंय, बडगीत (लाकडी भांड्यात) भरीत कुटायचा आवाज चालू, आणि अंधारात कोण काय बोललं याचा सकाळी हिशेब नाही. आमच्यातला एक जण घटस्फोटाचं पहिल्यांदा तिथंच बोलला होता. जाळाकडे बघत. तुमच्या कुसळांसारखंच.

अवांतर: वांगी बामणोदची. वाद नको.

खडूस_खान्देशी

अवांतराशी असहमत, पण तो वेगळा धागा होईल.

मूळ विषयावर. १२० मिनिटांच्या अभ्यासाबद्दल एक लक्षात घ्या. ज्याचं मन आधीच बरं आहे तोच बाहेर फिरायला जातो, असंही असू शकतं. नैराश्यात माणूस अंथरुणातून उठत नाही, तो जंगलात कुठून जाईल? म्हणजे कार्य आणि कारण उलटं. आणि ३८ माणसांच्या प्रयोगावरून धुळे-नंदुरबारचं धोरण ठरवायचं का? आमच्याकडे फॅड फार लवकर येतं. उद्या प्रत्येक कॉलेजात ‘निसर्गोपचार कक्ष’ निघेल, फीत कापली जाईल, आणि समुपदेशकाचं पद रिकामंच राहील.

गिरणाथडी

खडूसभाऊ, पहिला मुद्दा मान्य. त्या अभ्यासात संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, तो करणारेही तसंच म्हणतात. पण स्टॅनफर्डवाल्यांनी कोण कुठे चालणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, तिथे तुमचा आक्षेप तेवढा लागू पडत नाही. माणसं थोडी, हे खरं.

फीत कापण्याबद्दल मात्र तुम्ही माझ्या जखमेवर मीठ चोळलंत. सहा महिन्यांनी वरून विचारणा झाली, ‘उपक्रमाचे जिओटॅग (ठिकाणाच्या नोंदीसह) फोटो पाठवा, लाभार्थी संख्या लिहा.’ त्या रविवारी फोटो काढले. पुढच्या रविवारी तीन पोरं आली नाहीत. ‘लाभार्थी’ म्हणून गावाच्या ग्रुपवर फोटो फिरला तर कोण येईल? तेव्हापासून फोटो बंद, रासेयोच्या वहीत हा उपक्रम नाही. मी माझा रविवार घालवतो, एवढंच.

पांझराकाठ

मी धुळ्याकडे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. धागा आवडला, म्हणून थोडं सविस्तर.

नैराश्यात माणूस ‘मन झालं की उठेन’ म्हणतो आणि मन होत नाही. बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची उपचारपद्धत नेमकं उलटं सांगते: आधी उठायचं, ठरलेलं छोटं काम करायचं, मन मागून येतं. रविवारची ठरलेली वेळ, दारात येऊन हाक मारणारा मित्र, सकाळचं ऊन, चालणं, त्यामुळे रात्रीची झोप जागेवर येणं, हे सगळं मिळून काम करतं. यात झाडाचा वाटा किती आणि मित्राचा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. मला ते काढायची घाईही नाही.

पण काही गोष्टी सरांनी आणि असं करू पाहणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवाव्यात. कुणी मरणाचं बोललं तर ‘चालायला लागला, आता बरा होईल’ म्हणून सोडायचं नाही. सरांनी केलं तसंच करायचं. उलट त्याला थेट विचारायचं, ‘जीव द्यायचा विचार येतो का, काही ठरवलंय का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, ती भीती खोटी आहे. कीटकनाशकाचे डबे घरात कुठे आहेत ते घरच्यांना सांगून कुलपात ठेवायला लावायचे. आपल्या भागात हे सगळ्यात आधी. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, अजून निम्म्या लोकांच्या कानावर नाही असं मला ओपीडीत बसून वाटतं.

दुसरं, आपलं ऊन. लिथियमची गोळी (मनाचे टोकाचे चढउतार आवरायला देतात ती) चालू असलेल्या माणसाला घामाने पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषासारखं होऊ शकतं. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं. काही मनोविकारांच्या गोळ्यांमुळे घाम नीट येत नाही आणि अंग तापतं. इंग्लंड-जपानची पुस्तकं हे ठळक अक्षरात सांगणार नाहीत, कारण तिथे जळगावसारखे ४५ अंश नसतात. कोण कोणती गोळी घेतो हे गटात विचारू नका, पण ‘गोळी चालू असेल तर डॉक्टरला एकदा विचारून या’ एवढं सगळ्यांनाच सांगा.

आणि ज्याला भास होतायत, जो दोन-दोन रात्री झोपत नाही आणि ‘मी आमदार होणार’ म्हणतोय, त्याला रानात नेऊ नका. त्याला आधी दवाखाना.

खडूस_खान्देशी

डॉक्टर, ‘मी आमदार होणार’ म्हणणारे आमच्या गावात निदान चौदा आहेत. झोपतात मात्र व्यवस्थित.

बाकी प्रतिसाद उत्तम. कीटकनाशकाचा मुद्दा लाखमोलाचा.

सातपुड्याची_लेक

सगळं वाचलं. आठ-दहा ‘पोरं’. पोरी किती, सर?

मी यावल तालुक्यातली. बी.एड. करून तीन वर्षं घरी बसले होते, स्थळं बघणं चालू होतं. मला कुणी रविवारी सकाळी डोंगरावर जाऊ दिलं असतं? मनुदेवीला (सातपुड्यातलं आमचं देवस्थान) जायचं तर घरचे सगळे, गाडी भरून, नवस फेडायला. एकटीने धबधब्याजवळ दहा मिनिटं बसायची सोय नाही, लगेच ‘काय झालं गं, बरं नाही का?’

माझी आजी सांगायची, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलं की निंबाला झोका बांधायच्या आणि उन्हं कलली की सगळ्या लेकी झोक्यावर. गाण्यांत सासूची, नणंदेची, नवऱ्याची सगळी उणीदुणी काढायच्या. झोका वर गेला की ओरडायचं. खाली आला की दुसरीचा नंबर. वर्षातून एकदाच, पण मोठ्याने बोलायची परवानगी. आता आखाजीला आम्ही स्टेटस ठेवतो.

मला जे उपयोगी पडलं ते सांगते, कुणाला फार साधं वाटेल. गच्चीवर मी बारा कुंड्या केल्या. पाणी घालायला पहाटे वर जायचं म्हटलं की कुणी अडवत नाही, ‘काम’ आहे ना! तिथं वीस मिनिटं मिळायची. पोपट यायचे, मागच्या शेवग्यावर बसायचे. तीन महिन्यांनी शेजारची एक जण तिच्या गच्चीवरून बोलायला लागली, मग तिसरी. आमचा कार्यक्रम तीन गच्च्यांवर चालायचा.

गिरणाथडी

ताई, पोरी शून्य. खोटं कशाला बोलू. दोघींनी विचारलं होतं, मी ‘बघू’ म्हटलं आणि बघितलंच नाही. आमच्याकडे एक सहकारी मॅडम आहेत, त्यांच्याशी उद्या बोलतो.

पायपीट

आशा गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांचं काम बघते. वाचून बरं वाटलं आणि भीतीपण वाटली. कारण असं काही चांगलं निघालं की शेवट आमच्याच डोक्यावर येतो. गरोदर माता, लसीकरण, टीबी, हिवताप, कार्ड काढणं, वर ‘गावातील उदास युवकांची यादी सादर करा’ हेही येईल. हात जोडते, तेवढं नका करू.

पण एक खरं आहे, कोणत्या घरात कोण खोलीबाहेर येत नाही हे आम्हाला माहीत असतं. नाव कुणाला सांगायचं हेच माहीत नसतं.

पांझराकाठ

ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. इंग्लंडमध्ये २०२१ ते २०२३ या काळात सात ठिकाणी ‘हरित सामाजिक प्रिस्क्रिप्शन’ करून पाहिलं, आठ हजारांवर लोक त्यात आले. सामूहिक बागकाम, चालण्याचे गट, नदी-तलावाकाठची कामं असं बरंच काही. पण त्यातली माझ्या मते खरी युक्ती बागेत नव्हती. तिथं ‘लिंक वर्कर’ नावाचा पगारी माणूस असतो. डॉक्टर चिठ्ठी देतो ती त्याच्याकडे, तो त्या व्यक्तीशी बोलतो, तिला काय झेपेल ते बघतो आणि गटापर्यंत पोहोचवतो. वेगळं काम, वेगळा पगार. आपल्याकडे २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातले ऐंशीहून जास्त लोक उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. डोंगर आहे, दवाखाना पण आहे, मधला माणूस नाही. चाळीसगावात तो माणूस सध्या फुकटात रविवार घालवतोय.

मुक्काम_पोस्ट_हिंजवडी

मूळ अमळनेरचा, सध्या पुण्यात. इकडे हा मोठा धंदा झालाय. मी गेल्या वर्षी बर्नआउटमध्ये होतो तेव्हा एका ‘फॉरेस्ट बाथिंग’ शिबिराला गेलो. दोन दिवसांचे साडेसहा हजार. एका रिसॉर्टच्या मागच्या सागाच्या लागवडीत आम्हाला अनवाणी उभं केलं आणि झाडाला मिठी मारायला सांगितली. सागाला, डिसेंबरात! मुंगळे चढले. संध्याकाळी पुढच्या शिबिराच्या बुकिंगला दहा टक्के सूट.

गंमत म्हणजे मूळ कल्पना अगदी साधी आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ (म्हणजे वनस्नान, हेच ते फॉरेस्ट बाथिंग) हा शब्द काढला तेव्हा म्हणणं एवढंच होतं की लोकांनी जंगलात यावं, सावकाश चालावं. सरकारी खात्याची कल्पना, साडेसहा हजार रुपये कुठून आले देव जाणे.

याची काळी बाजूही आहे. अमेरिकेत ‘बिघडलेल्या’ पोरांना आई-बाप पैसे भरून रानातल्या शिबिरांत पाठवतात, कधी कधी रात्री झोपेतून उठवून जबरदस्तीने नेतात. २०२४ साली नॉर्थ कॅरोलिनात अशा एका शिबिरात पोहोचल्यावर चोवीस तासांच्या आत १२ वर्षांचा मुलगा दगावला. राज्याने त्या शिबिराचा परवाना काढून घेतला. त्यामुळे सर, ‘आमच्या पोराला तुमच्याकडे टाकतो, सुधरवा’ म्हणत कुणी बाप आला तर?

गिरणाथडी

आले ना! दोन आले. एक तर म्हणाला, ‘‘उन्हात चांगला तंगडवा, मस्ती उतरेल.’’ त्यांना चहा पाजून परत पाठवलं. नियम एकच ठेवलाय, पोराने स्वतः मला फोन करायचा. मिस्ड कॉल चालतो.

साक्रीकर

आमच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा इथं कुणी कसं आणलं नाही? गावाने उजाड डोंगर राखून पुन्हा जंगल उभं केलं, कुऱ्हाडबंदी स्वतः घातली, मोडेल त्याला दंड. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथे पावसाळ्यात रानभाज्यांची पाककला स्पर्धा होते, बायका पंगतीत ताटं मांडून बसतात आणि कोणती भाजी कुठल्या उतारावर मिळाली ते सांगतात. मानसिक आरोग्य हा शब्द तिथे कुणी उच्चारत नाही. पण मी गेलो तेव्हा विशी-बाविशीतली पोरं पाहुण्यांना जंगल दाखवत होती, आणि त्यांच्या बोलण्यात ‘आमचं जंगल’ होतं.

म्हणून सरांच्या एका वाक्याशी माझं जमत नाही. ‘एकही झाड आपल्या मालकीचं नाही’ अशा ठिकाणी जायचं म्हणता. बारीपाड्यात उलट आहे.

गिरणाथडी

साक्रीकर, यावर दोन दिवस विचार केला म्हणून उत्तर उशिरा. मला वाटतं फरक कर्जाचा आहे. बारीपाड्याच्या जंगलावर सोसायटीचं कर्ज नाही आणि हंगाम वाया गेला म्हणून कुणी त्या पोराला नाकर्ता म्हणत नाही. आपलं असूनही मानेवर बसलेलं नाही. असं काही आमच्या पोरांच्या हाती लागलं तर मी रविवारी घरी झोपेन. पण ते गाव घडायला कित्येक वर्षं गेली, माझ्याकडे पुढचा रविवार आहे.

आप्पा_शिरपूर

भो, मन्हा पोऱ्या बी असाच शे. दोन साल झायात घरमा. काय बोलस नही. धागा वाचीसन रडू उनं. आमना तठे कोन शे का असं लई जानारं?

पांझराकाठ

आप्पा, आधी १४४१६ला तुम्ही स्वतः फोन लावा, पोराने नाही लावला तरी चालेल. घरच्यांशीही बोलतात. मग मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शिरपूरकडे कुठे दाखवायचं ते सांगते.

साक्रीकर

आप्पा, आम्ही तिघं शिरपूर-सांगवीकडच्या डोंगरात महिन्यातून एकदा पक्षी बघायला जातो. पोऱ्याला बोलायची सक्ती नाही. दुर्बीण देऊ हातात.

भास्कराचा_नापास_नातू

पाटणादेवीचं नाव निघालं म्हणून. तिथल्या जुन्या देवळात शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा. साल १२०७. मी अभियांत्रिकीच्या एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) चौथ्यांदा बसून त्याच देवळाच्या पायरीवर रडलोय. गुरव म्हणाला, ‘‘इथं लई जण येतात रडायला, पाणी पे.’’ सर, तुमच्या गटाला तो भेटला का?

गिरणाथडी

भेटला! आता आमचे मुरमुरे त्याच्याकडेच ठेवतो.

वाचनमात्र_०७

चार वर्षांत पहिल्यांदा लिहितोय इथं. सर, तो पहिला पोरगा आता कसा आहे?

गिरणाथडी

गेले तीन रविवार आलेला नाही. कापूस वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, बापाबरोबर तोच वेचतोय. वाईट की चांगलं, मला ठरवता येत नाही. गोळ्या चालू आहेत, आईला विचारलं. परवा रात्री त्याचा मेसेज आला, वेचलेल्या कापसाच्या ढिगाचा फोटो आणि खाली ‘सर, कुसळं नाहीत यात.’

वाचनमात्र_०७

मी पाचोऱ्याचा आहे. रविवारी पॅसेंजरने येऊ शकतो. किती वाजता जमता? माझ्याकडे ट्रेकिंगचे बूट वगैरे काही नाहीत.

गिरणाथडी

साडेसहाला बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर. गाडी उशिरा आली तरी थांबतो, आधी एक मिस्ड कॉल दे. नंबर व्यनित टाकलाय. साध्या चपला चालतील, पायमोजे मात्र घालू नकोस.